अ जीवनसत्त्वाच्या गोळीने प्रत्येक डोळा सुधारत नाही. एका अँटिबॉडीने उलगडलेलं कारण

शाळेत जाणाऱ्या मुलाला फळ्यावरचं दिसेनासं होतं. नंबर काढला जातो, चष्मा येतो आणि महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार सुरू होते. मग घरातली मोठी माणसं निदान करून मोकळी होतात, की पोराला 'अ' जीवनसत्त्व कमी पडतंय. गाजर, पपई, शेवग्याचा पाला ताटात येतो. ते चांगलंच आहे. पण त्याबरोबर मेडिकलमधून अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणि माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्याही येतात, आणि त्या महिनोन्‌महिने चालू राहतात.

डोळ्याचा एक आनुवंशिक आजार असा आहे, की त्यात या गोळ्या आगीत तेल ओतायचं काम करू शकतात. त्याचं नाव स्टारगार्ट. कार्ल स्टारगार्ट या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९०९ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. साधारण आठ ते दहा हजारांत एकाला हा आजार होतो, बहुतेकांना शाळा-कॉलेजच्या वयात. नजरेचा मधला भाग धूसर होत जातो. कडेचं दिसतं, पण समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही आणि पुस्तकातली ओळ सापडत नाही. चष्म्याने यात काहीही फरक पडत नाही, कारण बिघाड भिंगात नसून मागच्या पडद्यात असतो.

डोळ्यांचे डॉक्टर या रुग्णांना अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नका, असं आज का सांगतात? त्याचं उत्तर बऱ्याच अंशी कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातल्या एका प्रयोगशाळेतून आलं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले रेणवीय जीवशास्त्राचे संशोधक रॉबर्ट मोल्डे यांनी १९७५ पासून तिथे डोळ्याच्या पडद्यातल्या प्रथिनांवर काम केलं. त्यांचं मुख्य हत्यार होतं अँटिबॉडी. कोरोनाच्या दिवसांत हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला. पण इथली अँटिबॉडी रोग हटवण्यासाठी नव्हती, ती शोध घेण्यासाठी होती.

उजेड पडला की सिग्नल बंद

आधी डोळ्याच्या पडद्यात काय चालतं ते पाहू. एका डोळ्याच्या पडद्यावर अंदाजे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी असतात. शंकूपेशी भर उजेडात काम करतात आणि रंग दाखवतात. दंडपेशींचं काम अंधुक उजेडात. संध्याकाळी गोठ्यात किंवा रात्री लाईट गेल्यावर अंगणात आपण चाचपडत का होईना चालू शकतो, ते दंडपेशींच्या जिवावर.

दंडपेशीच्या टोकाला चपट्या थैल्यांची चवड असते. घावनांवर घावन रचावं तशी, आणि एकेका पेशीत अशा हजारभर थैल्या. या थैल्यांच्या पापुद्र्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन ठासून भरलेलं असतं. प्रत्येक ऱ्होडॉप्सिनच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक लहान रेणू वाकडा होऊन बसलेला असतो. त्याला रेटिनल म्हणतात. प्रकाशाचा एक कण त्यावर आदळला की तो वाकडा रेणू सरळ होतो. प्रकाशाने प्रत्यक्ष केलेलं काम एवढंच. पुढचं सगळं रसायन आहे. डोळ्यातल्या अ जीवनसत्त्वाचं हे काम उलगडल्याबद्दल जॉर्ज वाल्ड यांना १९६७ चं नोबेल मिळालं.

रेटिनल सरळ झालं की ऱ्होडॉप्सिनचा आकार बदलतो. बदललेलं ऱ्होडॉप्सिन शेजारच्या ट्रान्सड्युसिन नावाच्या प्रथिनांना एकामागून एक जागं करतं. जागं झालेलं ट्रान्सड्युसिन एका विकराला मोकळं सोडतं, आणि ते विकर सायक्लिक जीएमपी नावाच्या रेणूंचा फडशा पाडतं. पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्यात सोडियम आणि कॅल्शियम आत घेणारी दारं असतात. ती दारं उघडी धरून ठेवणारा हाच सायक्लिक जीएमपी. तो संपला की दारं मिटतात.

इथे शाळेत शिकलेली कॅमेऱ्याची उपमा उलटी पडते. अंधारात दंडपेशीतून वीज वाहत असते, दारं उघडी असतात आणि पुढच्या पेशीकडे सतत रसायन पाझरत असतं. उजेड पडला की हे सगळं कमी होतं. म्हणजे मेंदूला 'उजेड आला' हे कळतं ते निरोप थांबल्यामुळे. चालू असलेली पिठाची गिरणी अचानक बंद पडली की झोपलेला माणूस जागा होतो, तसंच काहीसं.

आणि हे यंत्र किती तिखट! प्रकाशाचा एकच कण पडला तरी दंडपेशी त्याची नोंद घेते. बेलर, लॅम्ब आणि याउ या तिघांनी १९७९ साली बेडकाच्या जातीच्या एका प्राण्याची एकेक दंडपेशी बारीक काचनळीत ओढून हे मोजून दाखवलं. एका कणामागे शेकडो दारं मिटतात. एकाने दहांना सांगावं आणि दहांनी शंभरांना, तसा हा निरोप पेशीच्या आत वाढत जातो.

नऊ अक्षरांची खूण

हे सगळं लिहायला सोपं आहे. पण त्या थैलीच्या पापुद्र्यात ऱ्होडॉप्सिनखेरीज आणखी कितीतरी प्रथिनं असतात. कोणतं कुठे बसलंय, कोण कुणाला धरून आहे, हे साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. एखादं प्रथिन बाकीच्यांतून वेगळं काढायचं, तर त्यालाच आणि फक्त त्यालाच पकडणारा चिमटा हवा.

असा चिमटा करण्याची रीत १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज क्योलर आणि सेझार मिलस्टाईन यांनी शोधली होती. उंदराला एखादं प्रथिन टोचायचं. त्याच्या पांथरीत त्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात. त्या पेशी कर्कपेशींशी जोडायच्या. कर्कपेशी मरत नाहीत, त्यामुळे जोडपेशी एकाच प्रकारची अँटिबॉडी वर्षानुवर्षं बनवत राहते. १९८४ चं नोबेल या कामाला मिळालं.

मोल्डे यांनी ही रीत डोळ्याच्या पडद्याला लावली. या क्षेत्रात कच्चा माल म्हणून कत्तलखान्यातून आणलेले गुरांचे डोळे वापरले जातात, कारण एका डोळ्यातून भरपूर ऱ्होडॉप्सिन मिळतं. १९८३ साली मोल्डे आणि मॅकेन्झी यांनी ऱ्होडॉप्सिनला पकडणाऱ्या काही अँटिबॉडी प्रसिद्ध केल्या. त्यातल्या एकीचं नाव वन-डी-फोर. नाव अगदीच रूक्ष, पण या अँटिबॉडीने पुढे जगभर संसार केला.

ऱ्होडॉप्सिन ही ३४८ अमिनो आम्लांची माळ आहे. वन-डी-फोर तिचे फक्त शेवटचे नऊ मणी ओळखते. बाकी माळ कशीही असो, तिला मतलब या नऊ मण्यांच्या शेपटीशी. यातूनच पुढची युक्ती निघाली. हे नऊ मणी दुसऱ्या कुठल्याही प्रथिनाच्या शेवटी जोडले, तर वन-डी-फोर त्यालाही पकडणार. पंढरीच्या वाटेवर हजार गाठोडी एकसारखी दिसतात म्हणून घरची बाई आपल्या गाठोड्याला लाल चिंधी बांधते, तशी ही चिंधी. पकडायची सोयही साधी आहे. बारीक मण्यांवर अँटिबॉडी चिकटवून नळीत भरायची आणि पेशींचा विरघळवलेला रस त्यातून सोडायचा. खुणेचं प्रथिन अडकतं, बाकी सगळं वाहून जातं. नंतर तेच नऊ मणी सुटे घालून धुतलं, की अँटिबॉडी सुट्या मण्यांना धरते आणि हवं ते प्रथिन मोकळं होऊन शुद्ध स्वरूपात हाती येतं.

या चिंधीचा पहिला मोठा उपयोग झाला तो एका भारतीय माणसाच्या प्रयोगशाळेत. हरगोविंद खोराना यांना १९६८ चं नोबेल मिळालं ते जनुकांची लिपी उलगडण्यातल्या वाट्यासाठी, एवढं आपल्याकडे पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक असतं. पण नोबेलनंतर त्यांनी विषयच बदलला आणि अमेरिकेतल्या एमआयटीत बसून ऱ्होडॉप्सिनच्या मागे लागले, हे फारसं सांगितलं जात नाही. १९८६ साली त्यांच्या गटाने गायीच्या ऱ्होडॉप्सिनचं अख्खं जनुक प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या जुळवलं. पुढच्या वर्षी ओप्रियन, मोल्डे, कॉफमन आणि खोराना यांनी ते जनुक माकडाच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या पेशींत घातलं. या पेशींना प्रकाशाशी काही देणंघेणं नाही, तरी त्या ऱ्होडॉप्सिन बनवू लागल्या. ते बाहेर काढण्यासाठी वापरली ती वन-डी-फोर.

यामुळे एक मोठा दरवाजा उघडला. जनुकातलं एकेक अक्षर मुद्दाम बदलायचं, प्रथिन बनवायचं, नऊ मण्यांच्या खुणेने धरून बाहेर काढायचं आणि ते प्रकाशाला कसं वागतं ते पाहायचं. कोणता मणी कशासाठी आहे हे असं एकेक करून तपासता येऊ लागलं. १९९० साली ड्रायजा यांच्या गटाने दाखवलं, की रातांधळेपणापासून सुरू होऊन हळूहळू नजर संपवणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारात काही कुटुंबांत ऱ्होडॉप्सिनचा तेविसावा मणी बदललेला असतो. त्यानंतर अशा बदलांची यादी शंभराच्या पुढे गेली.

त्या नऊ मण्यांतही एक गोम आहे. पेशीच्या दृष्टीने ऱ्होडॉप्सिनची शेपटी म्हणजे पाकिटावरचा पत्ता. पेशीत बनलेलं ऱ्होडॉप्सिन थैल्यांच्या चवडीकडे पोचवायचं, हे या शेपटीवरून ठरतं. ३४७ वा मणी बदलला तर माल भलतीकडेच जातो, आणि त्या कुटुंबांत आजार लवकर आणि जोराने येतो. संशोधकांनी ज्याला खुणेची चिंधी म्हणून वापरलं, ती निसर्गाने आधीच पत्ता म्हणून लावलेली होती.

थैलीच्या काठावरचा हमाल

आता पुन्हा स्टारगार्टकडे. ऱ्होडॉप्सिनमधलं रेटिनल सरळ झालं की त्याचं काम संपलं. ते बाहेर पडतं आणि शेजारच्या पेशींच्या थरात जाऊन पुन्हा वाकडं होऊन परत येतं. अ जीवनसत्त्वाचं हे चक्र दिवसरात्र चालू असतं. पण बाहेर पडलेल्या रेटिनलचा काही भाग थैलीच्या आतल्या बाजूला पापुद्र्यातल्या चरबीला चिकटून अडकतो. तो आतून बाहेर काढायला कुणीतरी हमाल लागतो.

थैलीच्या अगदी काठावर एक भलंमोठं प्रथिन असतं, हे १९७८ पासून माहीत होतं. ते करतं काय, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. काठावर असतं म्हणून त्याला 'काठाचं प्रथिन' एवढंच नाव होतं. मोल्डे यांच्या प्रयोगशाळेने त्याला पकडणारी अँटिबॉडी केली, तिच्या मदतीने ते वेगळं काढलं, त्याची माळ वाचली आणि १९९७ साली जाहीर केलं, की हे पदार्थांची ने-आण करणाऱ्या प्रथिनांच्या मोठ्या घराण्यातलं आहे. त्याच वर्षी जनुकांच्या बाजूने शोध घेणाऱ्या दुसऱ्या गटाला स्टारगार्टच्या रुग्णांत बिघडलेलं जनुक सापडलं. दोन्ही शोध एकाच जागी येऊन मिळाले. आज या प्रथिनाला एबीसीए-४ म्हणतात. २०१२ साली मोल्डे यांच्या गटाने शुद्ध केलेल्या प्रथिनावर प्रयोग करून दाखवलं, की हाच तो हमाल, अडकलेलं रेटिनल थैलीच्या आतून बाहेरच्या बाजूला काढून देणारा.

हमालच नसेल तर? अडकलेली रेटिनल एकमेकांना चिकटतात आणि न विरघळणारा पिवळट गाळ तयार होतो. दंडपेशी आपल्या टोकाच्या जुन्या थैल्या रोज टाकून देतात आणि शेजारचा पेशींचा थर त्या गिळतो. थैल्यांबरोबर गाळही त्याच्या पोटात जातो. वर्षानुवर्षं साठत तो त्या थरालाच मारतो, आणि थर मेला की त्याच्यावर जगणाऱ्या प्रकाशपेशीही मरतात. डॉक्टर दुर्बिणीतून बघतात तेव्हा पडद्यावर दिसणारे पिवळे ठिपके या साठ्याशी संबंधित असतात.

आता गोळीचं गणित लावता येतं. कुपोषणामुळे रात्री न दिसणाऱ्या मुलात यंत्र धड असतं, फक्त कच्चा माल नसतो. त्याला अ जीवनसत्त्व मिळालं की नजर परत येते, आणि म्हणूनच आपल्याकडे १९७० पासून लहान मुलांना त्याचे डोस देण्याची सरकारी योजना आहे. हे डोस अजिबात चुकवू नयेत. स्टारगार्टमध्ये मात्र कच्चा माल पुरेसा असतो, तुंबलेली असते ती मोरी. अशा वेळी वरून आणखी माल ओतला, तर गाळ वाढायला मदतच होते. हाच बिघाड मुद्दाम घडवलेल्या उंदरांना जादा अ जीवनसत्त्व दिल्यावर गाळ जास्त साठल्याचं दिसलं आहे. म्हणून या रुग्णांना जेवणातलं गाजर-पालेभाजी बंद करायला कुणी सांगत नाही. बंद करायच्या त्या गोळ्या. उन्हात गडद चष्मा आणि टोपी वापरण्याचा, विडी-सिगारेटपासून लांब राहण्याचा सल्लाही दिला जातो.

तिसराही एक प्रकार आहे. शेजारच्या थरात वापरलेलं रेटिनल पुन्हा वाकडं करणारं विकर बिघडलं, तर माल आहे आणि मोरीही उघडी आहे, पण कारखाना बंद. हे विकर बनवणाऱ्या आरपीई-६५ या जनुकाची चांगली प्रत निरुपद्रवी विषाणूमार्फत डोळ्यात सोडण्याच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये परवानगी मिळाली. किंमत एका डोळ्याला सव्वाचार लाख डॉलर. हा आकडा वाचून कुणाची आशा मावळली तर नवल नाही. स्टारगार्टसाठी ही वाट आणखी अवघड आहे, कारण एबीसीए-४ चं जनुक इतकं लांब, की त्या विषाणूच्या पोटात मावत नाही. ते दोन तुकड्यांत पाठवून पेशीत जोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. अ जीवनसत्त्वाचा डोळ्याकडे जाणारा पुरवठा हलक्या हाताने कमी करणाऱ्या गोळ्यांच्या माणसांवरच्या चाचण्याही झाल्या आहेत.

उंदराची अँटिबॉडी माणसाच्या डोळ्यात

वन-डी-फोर ही उंदराची अँटिबॉडी आहे आणि तिचं काम नळीत चालतं. तीच पद्धत औषधासाठी वापरायची तर अडचण येते, कारण माणसाचं शरीर उंदराच्या अँटिबॉडीला परकं मानून तिच्यावरच उलटतं. ग्रेग विंटर यांनी १९८६ साली केंब्रिजमध्ये दाखवलं, की उंदराच्या अँटिबॉडीची फक्त पकडणारी टोकं काढून माणसाच्या अँटिबॉडीवर कलम करता येतात. पुढे जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंच्या अंगावर अँटिबॉडीचे कोट्यवधी नमुने उगवून त्यातला सर्वांत घट्ट धरणारा निवडण्याची रीत आली. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यासाठी जॉर्ज स्मिथ आणि विंटर यांना मिळाला.

याचा फायदा आपल्या भागातल्या शुगरच्या पेशंटना रोज मिळतो, नाव माहीत नसलं तरी. मधुमेहात किंवा उतारवयात पडद्याला सूज येते आणि नको तिथे कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांना खतपाणी घालणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला जखडणारी अँटिबॉडी डॉक्टर सुईने डोळ्यात देतात. बेव्हासिझुमॅब हे मूळचं कर्करोगाचं औषध, पूर्ण अँटिबॉडी. रॅनिबिझुमॅब हा तशाच कलमी अँटिबॉडीचा फक्त पकडणारा तुकडा, डोळ्यासाठी मुद्दाम घडवलेला आणि अधिक घट्ट धरणारा. दुसरं औषध पहिल्यापेक्षा कितीतरी महाग. पण वयोमानाने होणाऱ्या पडद्याच्या आजारात वर्षभर केलेल्या मोठ्या अमेरिकन तुलनेत २०११ साली दोन्हींचा नजरेवरचा परिणाम सारखाच आढळला. २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबची स्वस्त प्रतिकृती भारतात आणली. स्टारगार्टवर मात्र या सुयांचा इलाज नाही. दोन्ही आजार 'पडद्याचेच' म्हणून कुणी सुई सुचवली तर कशासाठी, हे विचारून घ्यावं.

सुनेच्या माथी मारू नये

स्टारगार्ट होण्यासाठी मुलाला एबीसीए-४ ची बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून यावी लागते. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, त्यामुळे आईवडिलांचे डोळे ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. सीमाभागात, मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत, मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जुनी आहे. काही समाजांत सख्ख्या भाचीशीही लग्न होतं. एकाच आजोबांकडून आलेली बिघडलेली प्रत अशा लग्नात दोन्ही बाजूंनी मुलाकडे येण्याचा संभव वाढतो. तरीही पुष्कळ रुग्णांच्या आईवडिलांचं आपसांत काहीच नातं नसतं. दोष एकट्या आईकडून आला, असं म्हणायला विज्ञानात कुठेच जागा नाही.

चष्मा बदलूनही मुलाची नजर सुधारत नसेल, तर गोळ्या सुरू करण्याआधी पडद्याच्या तज्ज्ञाला दाखवावं. पडद्याचा फोटो, त्याच्या थरांचा स्कॅन आणि पडद्याची वीज मोजणारी तपासणी यांतून बराच उलगडा होतो. नेमकं कोणतं जनुक बिघडलंय हे रक्ताच्या चाचणीतून कळतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या ठिकाणी या आनुवंशिक आजारांवर संशोधन आणि समुपदेशन दोन्ही होतं. चाचणीचा कागद जपून फाईलला लावावा. पुढे कुठलाही जनुकीय उपचार किंवा चाचणी आली, तर पहिला प्रश्न जनुकाचं नाव काय, हाच असणार आहे. आणि मेडिकलवाला मल्टिव्हिटॅमिन देऊ लागला, तर डबीच्या मागे व्हिटॅमिन ए लिहिलंय का, ते वाचूनच पैसे द्यावेत.